पाऊण डॉलरचा चोर

गेल्या जून महिन्यात, प्रवेशाची धांदल ऐन भरात असताना, आमच्या महाविद्यालयातले इंटरनेट आजारी पडले. एकदम बंद पडले असते तर कुणाला तरी बोलावून दुरुस्त करून घेता आले असते. पण ते धड बंदही पडेना आणि धड चालेही ना. कचेरीच्या खिडकीपाशी पालकांची रांग वाढत होती, आतला कारकून एकेका अर्जासाठी दहा-दहा मिनिटे पडद्याकडे टक लावून बसत होता, आणि 'सर्व्हर डाउन आहे' हे अलीकडच्या काळातले सर्वांत लोकप्रिय मराठी वाक्य दिवसातून शंभरदा कानांवर पडत होते.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत बैठक भरली. चहा आला आणि चहाबरोबर निदानही आले: कुणीतरी कामाच्या वेळात सिनेमे पाहत असणार! एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तर ठणकावूनच सांगितले, "तारेतून जे जे जातं ते सगळं पकडा. कोण काय बघतो, कोण कुणाला काय लिहितो, एकदा कळू तरी दे."

आमच्याकडे संगणकांची देखभाल करणारा तरुण दाराशी उभा होता. हा माझाच जुना विद्यार्थी. व्याकरणात बेताचा, पण शंका काढण्यात पटाईत. तो नम्रपणे म्हणाला, "सर, पकडायला अर्धा तास पुरेल. पण पकडलेलं वाचणार कोण? आणि त्यातून आपल्याला शोधायचं नेमकं काय आहे?"

बैठक गप्प झाली. मी मराठीची प्राध्यापिका. तारा, राउटर आणि स्विच यांच्याशी माझा संबंध त्यांवरची धूळ झटकण्यापुरता. पण हा प्रश्न मला आमच्याच विषयातला वाटला. जुन्या हस्तलिखितांची पेटी हाती लागली की तिच्यापुढेही अभ्यासकाला हेच विचारावे लागते. म्हणून बाहेर आल्यावर मी त्याला गाठले आणि 'पकडणे' म्हणजे काय ते समजावून सांग म्हटले. त्याने थोडेफार सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी एक जुने इंग्रजी पुस्तक आणून दिले: क्लिफर्ड स्टोल यांचे, १९८९ साली निघालेले 'द कुकूज एग'. कोकिळा आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते हे आपण शाळेत शिकलो आहोत. तेच हे अंडे. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी दिवा मालवला नाही.

गोष्ट आहे १९८६ च्या ऑगस्टमधली. कॅलिफोर्नियात बर्कली येथे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आहे. स्टोल हा तिथला खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीच्या कामाचे अनुदान संपले, आणि नोकरी जाऊ नये म्हणून त्याला तळघरातल्या संगणक-विभागात पाठवण्यात आले. त्या काळी संगणकाचा वेळ मोजून त्याचे पैसे लावत. महिन्याच्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक येत होता. पाऊण डॉलर! आपल्याकडच्या एखाद्या कारकुनाने तो 'किरकोळ' खात्यात टाकून वही मिटली असती. पण हिशेब लाखाचा चुकला तर त्याचे कारण ढळढळीत असते. पाऊण डॉलरचा चुकला तर ते बारीक आणि म्हणूनच पाहण्यासारखे असते, असे या गृहस्थाला वाटले. शोधता शोधता एक नाव सापडले, ज्याला पैसे कुणाकडून घ्यायचे याचा पत्ताच नव्हता. घरात कुणीतरी उपरा वावरत होता.

आता त्याला पाहायचे कसे? संगणकातच टेहळणीचा प्रोग्रॅम बसवणे सोपे होते. पण चोर घरात शिरला की घरातला पहारेकरी त्याला दिसणारच. शिवाय त्या ओझ्याने यंत्र मंदावले असते आणि चोर सावध झाला असता. म्हणून स्टोलने पहारेकरी घराबाहेर, तारेवर बसवला. एका शुक्रवारी संध्याकाळी सहकारी घरी गेल्यावर त्याने त्यांच्या मेजांवरची छपाई-यंत्रे आणि टर्मिनले उचलून आणली आणि बाहेरून येणाऱ्या सुमारे पन्नास तारांना एकेक जोडून दिले. तारेतून जे अक्षर जाईल ते कागदावर उमटेल, आणि तारेला त्याचा पत्ताही लागणार नाही! स्वतः तिथेच जमिनीवर झोपला. रविवारी पाहतो तो एका यंत्रातून ऐंशी फूट कागद बाहेर लोळत होता. तीन तासांची चोरी, अक्षरन् अक्षर.

इथवर झाली पकडण्याची गोष्ट. माझा विद्यार्थी म्हणत होता तो प्रश्न यापुढचा. ऐंशी फूट कागद हातात आहे. आता तो वाचायचा कोणत्या रीतीने?

स्टोलने एक रीत धरली नाही, हे मला त्या पुस्तकातले खरे मर्म वाटले. जसा प्रश्न पडला तशी त्याने रीत बदलली.

पहिला प्रश्न: हा आत शिरला कसा? त्यासाठी मजकूर ओळीन् ओळ वाचण्याला पर्याय नव्हता. तो वाचला तेव्हा कळले, की एका लोकप्रिय संपादन-प्रोग्रॅममध्ये पत्रे हलवण्याची जी सोय होती तिच्यात एक भोक होते. यंत्र दर पाच मिनिटांनी एक ठरावीक छोटा प्रोग्रॅम निमूटपणे चालवी. चोराने त्या भोकातून आपला प्रोग्रॅम त्याच्या जागी ठेवला, आणि यंत्राने आपलेच पिल्लू समजून तो उबवला. कोकिळेचे अंडे ते हेच.

दुसरा प्रश्न: हा आहे कुठला? इथे मजा आहे. कोण कोणती कामे चालू आहेत हे पाहण्यासाठी चोराने एक आज्ञा टाईप केली होती आणि तिच्या पुढे चार अक्षरे जोडली होती. त्यांतले 'एफ' हे अक्षर बर्कलीच्या पद्धतीत मुळी लागतच नाही. ते लागते एटी अँड टी कंपनीच्या पद्धतीत. एका सहकाऱ्याच्या हे ध्यानात आले, आणि त्याने सांगून टाकले की हा मनुष्य कॅलिफोर्नियात शिकलेला नव्हे. एका अक्षरावरून! 'तो येऊन राहिला' असे म्हणणाऱ्याला नागपूर-वऱ्हाडचा पत्ता विचारावा लागत नाही, तशातलाच हा प्रकार. बोलीचे असले अभ्यास मी वर्गात वीस वर्षे शिकवीत आले. चोर पकडण्यासाठी त्यांचा उपयोग होतो हे ठाऊक असते तर वर्ग जरा भरलेला राहिला असता.

पण गाव कळायला बोली पुरेना. मग स्टोलने मजकूर बाजूला ठेवला आणि घड्याळ हातात घेतले. एका यंत्राने 'पाठवले' म्हणावे आणि दुसऱ्याने 'पोचले' म्हणावे, यांत सुमारे तीन सेकंद जात होते. विजेच्या वेगाने हिशेब केला तर चोर चंद्राच्या आसपास राहत होता! अर्थात वाटेतली यंत्रे दमाने चालतात. म्हणून ज्यांचे अंतर ठाऊक आहे अशा गावांशी तसाच संवाद करून त्याने तुलना केली, आणि उत्तर आले: समुद्रापलीकडे, फार दूर. सोबत त्याने चोराच्या भेटींच्या वेळा मांडल्या. बर्कलीत दुपारचे बारा वाजण्याच्या सुमारास हा हटकून यायचा. विद्यार्थी असे वेळी रात्री जागतात. मग हा दुपारी का? बर्कलीत दुपारी बारा वाजतात तेव्हा जर्मनीत रात्रीचे नऊ झालेले असतात. जेवणे आटोपून निवांत बसण्याची वेळ.

तिसरी रीत मला सर्वांत आवडली, कारण तिच्यात वाचायला मजकूर नव्हताच. चोर व्हर्जिनियातल्या माइटर या संस्थेच्या यंत्रांवरून पुढे फोन फिरवीत होता आणि त्याची बिले ती संस्था मुकाट्याने भरीत होती. स्टोलने ती जुनी बिले मागवली. फोनच्या बिलात काय असते? कुठे, केव्हा आणि किती मिनिटे. बोलणे काय झाले ते नसते. पण देशभर एकेका मिनिटाच्या फोनांची माळच्या माळ त्यात दिसली, आणि चोर किती महिने आधीपासून कुणाकुणाचे दार ठोठावीत होता ते उलगडले. बर्कलीच्या कागदांत हे कधीच सापडले नसते. तो कागद छापायला सुरुवात होण्यापूर्वीची ही हकीकत होती.

सुमारे ४५० यंत्रांची कुलपे त्याने हलवून पाहिली आणि तिसाहून अधिक उघडली. तो शोधत होता ते शब्द होते अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रे, उपग्रह. इतके होऊनही नाव-गाव सापडेना, कारण शेवटचा धागा जर्मनीतल्या जुन्या टेलिफोन-एक्स्चेंजमध्ये माणसाने उभे राहून शोधावा लागे, आणि चोर तेवढा वेळ थांबत नसे. मग १९८७ च्या जानेवारीत स्टोल आणि त्याची मैत्रीण मार्था यांनी खोटी सरकारी कागदपत्रे रचून त्याच्यापुढे टाकली. ती वाचण्याच्या लोभाने तो तासभर गुंतला आणि धागा हानोव्हर शहरातल्या एका घरापर्यंत पोचला. मार्कुस हेस त्याचे नाव. माल सोव्हिएत गुप्तहेरखात्याला विकला जात होता. १९९० साली त्याला व त्याच्या साथीदारांना शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवण्यात आली. तुरुंगात बसावे लागले नाही. दहा महिने जागलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, कोण जाणे.

पुस्तक परत करताना मी विद्यार्थ्याला म्हटले, "मग आपणही छपाई-यंत्र लावू या की!" तो हसला आणि त्याने मला गणित घातले. स्टोलच्या चोराची तार सेकंदाला सुमारे १२० अक्षरे वाहून नेई. दिवसभर अखंड चालली तर एक कोटी चार लाखांच्या आसपास. आज आपल्या घरी जे १०० एमबीपीएसचे कनेक्शन असते ते भरून वाहिले तर एका सेकंदात सव्वा कोटी अक्षरे नेते. म्हणजे त्याचा संपूर्ण दिवस आपल्या एका सेकंदात मावतो! आणि आपला दिवस साठवायचा तर एक हजार जीबीहून मोठी पेटी हवी. तीही एकाच घराची.

हा मजकूर अखंडही नसतो. त्याचे तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. एका पॅकेटात साधारणपणे जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात, आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. (इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे तीन लागतात. आपल्या भाषेला पाकिटेही जास्त लागतात, हे आम्ही मराठीवाल्यांनी एकदा सभेत मांडायला हरकत नाही.) ही पाकिटे वेचून दाखवणारी अवजारे आज फुकट मिळतात. 'टीसीपीडंप' हे त्यांतले जुने. ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याच बर्कलीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. १९९८ साली जेराल्ड कोम्ब्स यांनी 'इथिरियल' काढले. २००६ पासून त्याचे नाव 'वायरशार्क'. त्यात प्रत्येक पाकीट उघडून थरामागून थर पाहता येतो. यंत्र का बोलत नाही, कोणत्या पायरीवर अडते, असा बारीक प्रश्न असेल तर याला तोड नाही. पण एका तासाची दहा लाख पाकिटे पडद्यावर ओतून 'यात चोर कुठे?' असे विचारणे म्हणजे गव्हाच्या कोठारात उभे राहून दाणा दाणा निवडण्यासारखे.

म्हणून दुसरी रीत फोनच्या बिलाची. पाकिटे ठेवायची नाहीत. कुणाकडून कुणाकडे, केव्हा, किती वेळ आणि किती बाइट, एवढीच ओळ लिहून ठेवायची. सिस्को कंपनीने नव्वदीच्या दशकात 'नेटफ्लो' नावाने ही रीत आपल्या राउटरांत आणली. महिनोन्‌महिने जपता येईल इतकी ती आटोपशीर असते, आणि जुनी हकीकत विचारायची झाली तर तीच कामाला येते. माइटरच्या बिलांनी ते आधीच दाखवून दिले होते. आपल्या देशातही सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये अशा नोंदी १८० दिवस देशातच जपून ठेवण्याचा आदेश काढला.

तिसरी रीत ओळखीच्या चोरांची छायाचित्रे चौकीत लावण्याची. माहीत असलेल्या हल्ल्यांच्या खुणा यंत्राला शिकवायच्या, जुळले की घंटा. ही भरवशाची, फक्त नवा चोर तिला ओळखू येत नाही. मग चौथी: रोजची रहदारी कशी असते हे यंत्राला शिकवायचे आणि वेगळे काही दिसले की घंटा वाजवायला सांगायचे. हिचे कौतुक हल्ली फार ऐकू येते; पण विद्यार्थ्याने इथेही गणित घातले. दिवसाला दहा लाख जोडण्या आहेत असे धरा, आणि त्यांतल्या दहा चोराच्या. यंत्र एवढे हुशार की चोर एकही सोडत नाही आणि सज्जनांबाबत शंभरात एकदाच चुकते. नव्व्याण्णव टक्के अचूक! तरी खोट्या घंटा किती? दहा हजार. खऱ्या? दहा. हजार वेळा 'लांडगा आला रे आला' ऐकल्यावर एकदा लांडगा येणार. पहारेकरी तोवर घोरू लागलेला असतो.

मला मात्र या सगळ्याहून ज्येष्ठ सहकाऱ्यांचे ते वाक्य बोचत होते: 'कोण कुणाला काय लिहितो'. स्टोलच्या त्या पन्नास तारांपैकी चोराची एकच होती. उरलेल्यांवर सज्जनांचीच कामे चालू होती, आणि तीही कागदावर उमटत होती. ही टोचणी त्या प्रयोगशाळेतल्या लोकांनाही होती म्हणायची. कारण १९९५ च्या सुमारास तिथेच व्हर्न पॅक्सन यांनी रहदारी वाचणारे एक मोठे अवजार बांधले तेव्हा त्याला मुद्दाम 'ब्रो' हे नाव दिले. ऑर्वेलच्या कादंबरीतला सर्वांवर नजर ठेवणारा 'बिग ब्रदर', त्याची आठवण वापरणाऱ्याला राहावी म्हणून! २०१८ साली ते नाव बदलून 'झीक' झाले. मला तरी जुने नाव टाकायला नको होते असे वाटते.

"पण मॅडम, आता बहुतेक पाकिटं सीलबंदच असतात," विद्यार्थी म्हणाला. २०१३ साली स्नोडेनने अमेरिकी सरकारची टेहळणी उघड केली, आणि कुलूपबंद व्यवहाराला जोर आला. २०१५ पासून संकेतस्थळांना त्यासाठीची प्रमाणपत्रे 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून फुकट मिळू लागली. तारेवर बसलेल्याला आतला मजकूर वाचता येत नाही. मी सुटकेचा श्वास सोडला.

तो थोडा लवकर सोडला. पाकीट बंद असले तरी त्याचे वजन कळते, येण्याची वेळ कळते. २००७ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या काही संशोधकांनी इंटरनेटवरून होणारी, कुलूप घातलेली संभाषणे घेतली आणि केवळ पाकिटांच्या लांबीवरून बोलणाऱ्यांची भाषा ओळखून दाखवली. आवाज आवळून पाठवण्याच्या काही पद्धतींत कठीण ध्वनीला मोठे पाकीट लागते, सोप्याला लहान. आणि प्रत्येक भाषेतली ध्वनींची चाल निराळी. एकवीस भाषांतून नेमकी भाषा त्यांच्या यंत्राने शंभरातून ६६ वेळा बरोबर सांगितली. नुसत्या अंदाजाने पाचही आल्या नसत्या. शेजारच्या घरी कुणी काही म्हणत असावे, भिंतीतून शब्द एक न कळावा, पण ओवी आहे की आर्या हे चालीवरून समजावे, अगदी तसे. हे वाचले तेव्हा भाषेची प्राध्यापिका म्हणून मला अभिमान वाटला, आणि त्याच रात्री फोनवर बहिणीशी बोलताना मी उगीचच आवाज लहान केला.

असो. आमच्या बैठकीतल्या प्रश्नाचे उत्तर राहिलेच. विद्यार्थ्याने प्राचार्यांना समजावले, "सर, पत्रं कशाला फोडायची? कुणाची पाकिटं किती, एवढंच मोजू." प्राचार्य राजी झाले. पाकिटे न उघडता, कोणते यंत्र किती बाइट बाहेर पाठवते याची यादी पंधरा मिनिटांत निघाली. पहिल्या ओळीवर ना कारकून होता ना प्राध्यापक. भांडारघरात कपाटावर ठेवलेली, सीसीटीव्हीच्या चित्रणाची पेटी होती ती. मे महिन्यात कुणीतरी तिची मांडणी बदलली होती, आणि तेव्हापासून आठही कॅमेऱ्यांचे चित्रण ती चोवीस तास बाहेरच्या कुठल्याशा सर्व्हरकडे धाडीत होती. आमच्यावर नजर ठेवणाऱ्या यंत्रानेच आमची वाट अडवली होती! तिची ती सवय मोडल्याबरोबर खिडकीपुढची रांग हलू लागली.

त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना बैठकीतले तेच ज्येष्ठ सहकारी माझ्या शेजारी येऊन बसले. जरा इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "बाई, तो तुमचा मुलगा म्हणत होता, पाकिटं बंद असतात म्हणून. आत काय ते दिसत नाही ना?"

"नाही दिसत," मी म्हटले.

"आणि बाहेर? कुठल्या साइटवर जातं, ते नाव?"

"ते बहुधा दिसतं."

त्यांनी कप खाली ठेवला आणि खिशातला फोन काढून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.